वॉकर म्हणजे चालणारा नव्हे : इंग्रजी आडनावांच्या वहीतल्या नोंदी

१८ जानेवारी २०२५, हडर्सफील्ड

मागच्या रविवारी मराठी वर्गात आडनावांचा धडा घेतला. चिपळूणचे ते चिपळूणकर, हिशेब लिहायचे ते कुलकर्णी, असं सांगत गेले. मुलं रंगली. शेवटी नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "मावशी, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं आडनाव वॉकर आहे. ते लोक खूप चालायचे का?" मी म्हटलं, हो, असेल. घरी येईपर्यंत ते "असेल" मनात टोचत राहिलं. वीस वर्षं उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या या भागात राहते, रोज ही नावं ऐकते, हाका मारते, पाकिटांवर लिहिते, आणि त्यांच्याबद्दल मला "असेल"पलीकडे काही सांगता येत नाही.

म्हणून ही वही. मुलांकडून त्यांच्या वर्गमित्रांची आडनावं मागवायची, त्यांचे अर्थ मराठीत लिहायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक छोटी पुस्तिका करून वर्गात वाटायची.

२५ जानेवारी

चाळीसेक नावं जमली. आज त्यांचे ढीग लावले. चार ढीग पडतात, आणि ते आपल्याला परके नाहीत: बापाच्या नावावरून (जॉन्सन, विल्सन, हॅरिसन), जागेवरून (हिल, वुड, शॉ, ब्रॅडली), धंद्यावरून (स्मिथ, टेलर, कूपर) आणि टोपणनावावरून (ब्राउन, लाँग, आर्मस्ट्राँग). टेलर म्हणजे शिंपी, स्मिथ म्हणजे लोहार, कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा. वेल्सकडून आलेल्या नावांत मुलगा शब्दाच्या पुढच्या टोकाला दडलेला असतो. तिकडे 'अप' म्हणजे 'चा मुलगा'. अप ऱ्हीसचा झाला प्राइस, अप हिवेलचा पॉवेल, अप रिचर्डचा प्रिचर्ड.

दोन तासांत अर्धी यादी संपली. इतक्या सहज संपायला नको होती.

२ फेब्रुवारी

वॉकर. मी मुलीला चुकीचं सांगितलं होतं.

वॉकर म्हणजे कापड तुडवणारा. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं, तेलकट असतं. ते लाकडी हौदात घालायचं, वर पाणी, मुलतानी माती आणि घराघरांतून गोळा केलेलं शिळं मूत्र ओतायचं आणि तासन् तास पायांनी तुडवायचं. तेल निघतं, लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि दाट होतं. जुन्या इंग्रजीत या तुडवण्या-घोळवण्याचं जे क्रियापद होतं, त्यातूनच आजचं 'वॉक' आलं. म्हणजे आडनाव चालण्यावरून आलेलं नाही. चालणं आणि वॉकर हे आडनाव, दोन्ही त्या एकाच जुन्या शब्दातून निघाली.

याच कामाला इंग्लंडच्या आग्नेय भागात फुलर म्हणत आणि नैर्ऋत्येला टकर. एकच हौद, तेच तुडवणं, आणि तीन मुलुखांत तीन आडनावं. आजही वॉकर नावाची जुनी घराणी उत्तरेत आणि मध्य इंग्लंडात दाट, टकर डेव्हनकडे. आपल्याकडे जी मुलतानी माती चेहऱ्याला लावतात, तिला इंग्रजीत याच फुलरचं नाव आहे. पिढ्यान् पिढ्या हे कापडवाले ती माती वापरत आले म्हणून.

पायांनी तुडवणं फार जुनं. लीड्सजवळ टेंपल न्यूसमला ११८५ सालच्या नोंदीत पाण्यावर चालणारी कापड कुटायची गिरणी आहे, इंग्लंडातल्या अगदी आरंभीच्या गिरण्यांपैकी एक. यंत्राचे लाकडी हातोडे आले, पण माणसाला नाव पायांचंच राहिलं.

रविवारी वर्गात सगळ्यांसमोर चूक दुरुस्त केली. मुलांना मुताची गोष्ट सर्वांत जास्त आवडली.

९ फेब्रुवारी

वॉकरमुळे बाकीच्या धंद्याच्या नावांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. हा सगळा मुलूख लोकरीचा, आणि कापडाचा एकेक टप्पा इथल्या हजेरीपटात बसलेला आहे. वेब्स्टर विणकर. लिस्टर म्हणजे कापड रंगवणारा, आपला रंगारी. हॅलिफॅक्सच्या शिब्डेन हॉलमध्ये राहणाऱ्या रोजनिशीकार ॲन लिस्टरचं आडनाव तेच. शेअरर कापडावरची लव कातरणारा. आणि जॅगर, जो आज गायक मिक जॅगरमुळे जगाला माहीत आहे, तो डोंगरवाटांवरून घोड्यांच्या पाठीवर माल वाहणारा.

वेब्स्टर, बॅक्स्टर, ब्रूस्टर या नावांतलं 'स्टर' मुळात बायकांसाठी होतं. विणकरीण, भटारीण, बिअर गाळणारी. उत्तरेकडे पुढे ते पुरुषांनाही लागलं. तरी सुरुवातीला मागावर आणि भट्टीशी कोण होतं, ते या नावांनी जपून ठेवलं आहे. पुस्तिकेत याला अख्खं पान देणार.

२२ फेब्रुवारी

गावातल्या हौशी इतिहास मंडळींसोबत जुन्या चर्चच्या नोंदवह्या संगणकावर उतरवायच्या कामात नाव दिलं. अर्थ पुस्तकातून उचलण्यापेक्षा ही नावं लिहिली कशी जात होती ते डोळ्यांनी बघायचं होतं. इंग्लंडात १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला सुरुवात केली. आमच्या वाट्याला सतराव्या शतकातली पानं आली.

पहिल्या दिवशी तीन तासांत एक पान झालं. अक्षर वेगळंच. 'ई' उलटा, 'एच'ची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली, 'सी' हुबेहूब 'आर'सारखा. वर्ष मोजायचंही वेगळं, कारण १७५२ पर्यंत इथलं कायद्याचं वर्ष २५ मार्चला उजाडत असे. फेब्रुवारीत जन्मलेलं मूल वहीत आदल्या वर्षाचं.

आणि नावं लॅटिनमध्ये. गुलिएल्मस म्हणजे विल्यम, रादुल्फस म्हणजे राल्फ, एगिदियस म्हणजे चक्क जाइल्स. याकोबस दिसला तिथे मी बेधडक 'जेकब' टाइप करत गेले. संध्याकाळी तपासणाऱ्या बाईंनी सगळे परत पाठवले. या वह्यांत याकोबस म्हणजे बहुतेक वेळा जेम्स. लॅटिनमध्ये त्या नावाची दोन रूपं झाली, याकोबस आणि याकोमस. पहिल्यातून जेकब आला, दुसऱ्यातून फ्रेंचमार्गे जेम्स. मुळात दोघं एकच.

मला हे आधीच सुचायला हवं होतं. मराठी बायबलमध्ये जेम्स नावाचा माणूसच नाही. तिथे नव्या करारातही 'याकोबाचे पत्र' आहे. जॉनचा योहान, पीटरचा पेत्र, थॉमसचा थोमा. ज्यांनी ही नावं मराठीत आणली, त्यांनी इंग्रजीने मधल्या वाटेत चढवलेले थर उतरवून ठेवले. अलीशिबा वाचताना एलिझाबेथचं हिब्रू हाड हाताला लागतं. पुस्तिकेत पहिल्या नावांसाठी एक रकाना वाढवला: मराठी बायबलमधलं रूप.

१ मार्च

आज एक साधा प्रश्न सुटला. आडनावं मुळात लागली कशाला?

१०६६ साली फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्याआधी इथे नावांचा तुटवडा नव्हता. दोन शब्द जोडून नाव घडायचं, आपल्या जय-सिंह, यशो-वर्मनसारखं. 'एड' म्हणजे संपत्ती आणि 'वेअर्ड' म्हणजे राखणदार, म्हणून एडवर्ड. 'एल्फ' हे अद्भुत वनवासी आणि 'रेड' म्हणजे सल्ला, म्हणून आल्फ्रेड. एथेलथ्रिथ म्हणजे थोर बळाची. तीच झिजत झिजत ऑड्री झाली. मग नॉर्मन आले आणि तीन-चार पिढ्यांत बारशाची वही बदलली. सगळीकडे विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री, आणि चर्चकडून जॉन, थॉमस. एडवर्ड टिकला तो राजघराण्यामुळे. तिसऱ्या हेन्रीची एडवर्ड द कन्फेसर या संत राजावर भक्ती होती, त्याने १२३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्याला ते नाव दिलं.

एका वाडीत सहा जॉन आणि पाच विल्यम म्हटल्यावर सावकाराला, पाटलाला आणि कर गोळा करणाऱ्याला काहीतरी खूण हवी. लोकांनी आधी नावंच मोडून पाहिली. रॉबर्टचे रॉब, हॉब, डॉब. रिचर्डचे डिक आणि हिक. रॉजरचा हॉज. पहिलं अक्षर बदलून नुसतं यमक जुळवायचं, लाडाचं नाव तयार. त्या लाडाच्या नावांना मुलगे झाले: रॉब्सन, हॉब्सन, डॉब्सन, डिक्सन, हिक्सन, हॉजसन. हॉपकिन्ससुद्धा रॉबर्टचाच, 'हॉब'ला लहानपणाचा 'किन' लागून. माझ्या यादीतली पाच मुलं पाच आडनावांची, आणि पाचांच्या मागे उभा रॉबर्ट.

१३७९ साली माणशी कर बसला, सोळा वर्षांवरच्या साध्या माणसाला किंवा जोडप्याला मिळून चार पेनी, धंदेवाल्यांना जास्त. वेस्ट रायडिंगची, म्हणजे यॉर्कशरच्या या पश्चिम भागाची, ती यादी टिकली आहे. तिच्यात आडनावं ओली आहेत, अजून सुकायची आहेत. कुणी 'थॉमसचा मुलगा', कुणी 'मॅथ्यूचा गडी'. मॅथ्यूमन हे आडनाव त्यातलंच. मालकाचं नाव गड्याला चिकटलं आणि पुढच्या पिढ्यांना ते मिळत गेलं.

८ मार्च

दिवसभर 'रॉयड'. माझ्या यादीत ॲक्रॉयड, होलरॉयड, बूथरॉयड, ओल्डरॉयड आहेत. लंडनचा माणूस ऐकताक्षणी सांगतो, तुम्ही यॉर्कशरचे. रॉयड म्हणजे झाडं तोडून, बुंधे उपटून शेतीला काढलेली जमीन. मूळ शब्द 'रॉड'सारखा होता. इथल्या बोलीत लांबट 'ओ'चा 'ऑय' होतो. जुनी माणसं अजून कोळशाला 'कॉइल' आणि भोकाला 'हॉइल' म्हणतात. म्हणजे या आडनावात डोंगर आहे, कुऱ्हाड आहे आणि इथल्या जिभेचं वळणही आहे. ॲक्रॉयड म्हणजे ओक तोडून काढलेलं रान, होलरॉयड खोलगटातलं.

आणि मर्गट्रॉयड. मार्गारेटने काढलेली, निदान मार्गारेटच्या नावावर असलेली जमीन. हॅलिफॅक्सजवळच्या वॉर्लीत हे नाव जन्मलं. मार्गारेट हा ग्रीकमधून आलेला शब्द, अर्थ मोती. कोशात "मर्गट्रॉयड : मोत्याचं रान" असं लिहून मोकळं होता आलं असतं, आणि ते धडधडीत खोटं ठरलं असतं. तिथे मोती कुठला? तिथे चौदाव्या शतकातली एक बाई होती, तिच्या नावाने ओळखली जाणारी दगडाळ उतारावरची जमीन होती, आणि तिथून उठून गेलेल्यांनी ते नाव सोबत नेलं.

माझी चूक इथेच होत होती. शब्दाचा अर्थ लिहिला की आडनाव समजलं, असं मी धरून चालले होते.

१६ मार्च

लिंथवेटला जाऊन आले. हडर्सफील्डपासून कोल्न नदीच्या खोऱ्यात वर. 'थवेट' हा स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स लोकांचा शब्द, पुन्हा रान तोडलेली जागाच. 'लिन' म्हणजे जवस. जवसाचं रान. गावातले लोक लिंथवेट म्हणत नाहीत, 'लिंफिट' म्हणतात. पुढचं स्लेथवेट, ते 'स्लॉविट'. बसमध्ये मी नीट लिंथवेट म्हटलं, ड्रायव्हरने हसून "लिंफिट" म्हटलं आणि तिकीट दिलं.

गेले ते डायसनसाठी. आज हे नाव व्हॅक्यूम क्लीनर आणि पंख्यांच्या खोक्यांवर आहे, पण ते इथलं आहे. डाय हे डायनिशिया नावाचं घरगुती रूप. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला लिंथवेटमध्ये डायनिशिया नावाची बाई होती, तिच्या मुलाला 'डायचा मुलगा' म्हणत. तो डायसन. हे कळतं ते वेकफील्डच्या जहागिरीच्या न्यायसभेच्या गुंडाळ्यांमुळे. १२७४ पासून १९२५ पर्यंत, जवळपास सलग, चामड्यावर आणि पुढे कागदावर लिहिलेल्या. कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली, कुणी सरपण चोरलं, कुणी जमीन मुलाच्या नावे केली, सगळं त्यांत.

चर्चच्या वरच्या बाजूला दगडी बांधापाशी उभी राहिले. खाली नदी, कालवा, गिरण्यांची धुराडी. वर काळपट पठार आणि वारा. बांधाचे दगड ओले होते, फटीतून शेवाळ आणि एक बारीक झरा. ती बाई याच उतारावर कुठेतरी राहत होती. विधवा होती की घरात तिचाच शब्द चालायचा, कुणास ठाऊक. पण न्यायसभेत तिच्या मुलाला ओळखायला बापाचं नाव लागलं नाही.

नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णी आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावी आहे. ते राजे. डायसन शेतकऱ्याचा. दोघांच्या नावात आई पुढे.

३० मार्च

गुढीपाडवा. घड्याळही आज एक तास पुढे गेलं. वर्गात गुढी उभारली, वहीला सुट्टी. वॉकरवाली मुलगी मैत्रिणीला घेऊन आली होती. तिच्या घरी म्हणे कुणालाच कापडाचं माहीत नव्हतं. तिने आजोबांना फोन करून सांगितलं.

१२ एप्रिल

चर्चची १८१३ नंतरची वही हातात आली. त्या वर्षापासून कायद्याने छापील रकान्यांची वही आली आणि बाप्तिस्म्याच्या पानावर बापाच्या धंद्याचा रकाना आला. आडनाव आणि धंदा एकाच ओळीत! आठवडाभर याची वाट पाहत होते.

टेलर : विणकर. स्मिथ : कापडव्यापारी. वॉकर : खाणमजूर. बेकर : विणकर. वेब्स्टर : शेतकरी. पानामागून पान, आडनाव एक सांगतं आणि रकाना दुसरंच. एक लोहार सापडला, त्याचं आडनाव फर्थ, म्हणजे झाडी.

इंग्लंडच्या दक्षिणेत बहुतेक घराण्यांची आडनावं १४०० च्या सुमारास पक्की झाली होती, उत्तरेत थोडी मागाहून. म्हणजे या पानावरच्या टेलरच्या घरात सुई सुटून चार-पाचशे वर्षं होऊन गेली असणार. पुस्तिकेतलं "टेलर म्हणजे शिंपी" हे वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं, "खूप पूर्वी या घरातला एक माणूस शिंपी होता." मुलांना एवढं पुरतं, आणि ते खरं आहे.

२६ एप्रिल

सायक्स. इथे दर दुसऱ्या रस्त्यावर एक सायक्स. अर्थ ओढा, विशेषतः पाणथळ जमिनीतून वाहणारा, शेताची हद्द दाखवणारा. असे ओढे या डोंगरांत पावलापावलावर, तेव्हा ओढ्यापाशी राहणाऱ्या अनेक कुटुंबांनी हे नाव वेगवेगळं घेतलं असेल, असा अंदाज कुणीही बांधेल. मीही तसंच लिहून ठेवलं होतं.

ऑक्सफर्डच्या ब्रायन सायक्स या जनुकशास्त्रज्ञांनी २००० साली हे तपासलं. बापाकडून मुलाकडे आडनावासारखंच उतरणारं वाय गुणसूत्र त्यांनी ४८ सायक्स पुरुषांमध्ये पाहिलं. जवळपास निम्म्यांत एकच खूण निघाली. बाकीच्यांची खूण वेगळी का, ते सातशे वर्षांतल्या दत्तकांवरून, विधवांच्या दुसऱ्या लग्नांवरून आणि लग्नाबाहेरच्या मुलांवरून समजतं. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की सायक्स घराण्याचा मूळ पुरुष बहुधा एकच. शेकडो ओढ्यांपैकी एका ओढ्याकाठचा एक माणूस.

रात्री माझी नोंद खोडली. पुस्तिका अकारविल्हे करायची नाही, नकाशा करायचा. प्रत्येक आडनाव जिथे उगवलं तिथे टाचायचं. डायसन लिंथवेटला, मर्गट्रॉयड वॉर्लीला, आर्मिटेज आर्मिटेज ब्रिजला (तिथल्या जुन्या मठीवरून, आर्मिटेज म्हणजे संन्याशाची झोपडी), ग्रीनवुड हेप्टनस्टॉलच्या बाजूला. स्मिथ आणि टेलर मात्र नकाशाच्या कडेला, कारण ते गावोगाव उगवले.

१० मे

नकाशा घेऊन शेजारच्या आजोबांकडे गेले. ऐंशी पार केलेले, जन्म वरच्या खोऱ्यातला. चष्मा लावून प्रत्येक टाचणी बोटाने तपासली. मग म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण आमच्या गावात आडनावाने कोण कुणाला ओळखायचं? अर्धं गाव एकाच आडनावाचं. माझे वडील टॉम ओ बिल्स ओ जॅक्स."

जॅकचा बिल, बिलचा टॉम. आडनावं पक्की होऊन सहाशे वर्षं झाली, आणि डोंगरातल्या वाड्यांत आडनाव पुरेना म्हणून पुन्हा बाप आणि आजा जोडायला लागले. १३७९ च्या यादीत जे वाचलं होतं, ते त्यांच्या तोंडून ऐकत होते. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे सातबाऱ्यावर अजून असंच असतं, आपलं नाव, मग बापाचं, मग आडनाव. त्यांनी ते मला तीनदा म्हणायला लावलं आणि माझं पूर्ण नाव कागदावर उतरवून घेतलं.

राहिलेलं काम: जॅगरची टाचणी हॅलिफॅक्सजवळच्या स्टेनलंडला लावायची आहे. फुलर आणि टकर नकाशाच्या बाहेर पडतात, त्यांच्यासाठी इंग्लंडचा छोटा नकाशा कोपऱ्यात हवा. आणि मागच्या पानावर मुलांसाठी मोकळ्या तीन रेघा ठेवायच्या, 'ओ' छापून: ____ ओ ____ ओ ____. पुढच्या रविवारी पहिली भरायला वॉकरवाल्या मुलीला देणार.